शितावरून भाताची परीक्षा : यादृच्छिक विलंबाच्या चाचणीतली फसगत

गेट परीक्षेची तयारी करणाऱ्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गणित हमखास भेटते. एका इथरनेट तारेवर अ आणि ब अशी दोनच यंत्रे आहेत. दोघे एकाच क्षणी बोलू लागतात आणि टक्कर होते. दोघे यादृच्छिक काळ थांबतात. पहिली शर्यत अ जिंकतो. मग अ पुढचे पॅकेट पाठवू लागतो, ब आपले रखडलेले पॅकेट पुन्हा पाठवू पाहतो, आणि पुन्हा टक्कर होते. दुसरी शर्यतही अ जिंकेल याची संभाव्यता किती? अ ने ० आणि १ यांतून निवड करायची आहे, ब ने ० ते ३ मधून. आठ जोड्यांपैकी पाचांत अ पुढे राहतो. उत्तर ०.६२५. दोन मिनिटांत गणित सुटते, गुण मिळतात आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या उत्तरात एक गृहीतक निमूटपणे बसलेले आहे : अ आणि ब यांची निवड एकमेकांपासून स्वतंत्र आहे. ते काढून घेतले की काय होते? समजा, दोन्ही यंत्रांत एकाच कारखान्यातली चिप आहे, एकच सॉफ्टवेअर आहे आणि यादृच्छिक संख्यांची मालिका दोन्हीकडे एकाच आरंभांकापासून, म्हणजे एकाच सीडपासून सुरू होते. अ ने १ निवडला, ब नेही १ निवडला. टक्कर. अ ने ३ निवडला, ब नेही ३. पुन्हा टक्कर. दर टक्करीनंतर निवडीचा पल्ला दुप्पट होत जातो, पण दोघांचे पाऊल एकाच तालात पडत राहते. सोळा प्रयत्न फसले की मानकाप्रमाणे दोघेही ते पॅकेट सोडून देतात. दुसऱ्या शर्यतीच्या संभाव्यतेचा प्रश्नच उरत नाही, कारण पहिली शर्यत संपलेलीच नाही.

आता यांतले एक यंत्र उचलून प्रयोगशाळेत न्यावे. त्याचा प्रत्येक विलंब तपासावा. पहिला विलंब ठरलेल्या पल्ल्यात आहे, दुसरा आहे, दहावाही आहे. यंत्र उत्तीर्ण. दुसरे यंत्र तपासावे, तेही उत्तीर्ण. दोन उत्तीर्ण यंत्रे शेजारी ठेवली की मात्र दोन्ही मुकी होतात. नेटवर्क प्रोटोकॉलच्या चाचणीतली मोठी फसगत ती हीच, आणि ती अज्ञानापेक्षा सवयीतून अधिक घडते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची सवय स्वयंपाकघरात उपयोगी पडते. यादृच्छिक पुनर्प्रेषणाच्या बाबतीत ती घातक आहे, कारण इथे दोष शितात नसतोच. तो एका शिताचे दुसऱ्याशी जे नाते असते त्यात असतो.

यादृच्छिक विलंब हा प्रोटोकॉलच्या रचनेतला अलंकार नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट उभारले, तेव्हा अनेक केंद्रांना एकच रेडिओ वाहिनी वाटून घ्यायची होती. टक्कर झाली की प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे, हा तिथला तोडगा. इथरनेटने तो तारेवर आणला आणि दर टक्करीला पल्ला दुप्पट करण्याची शिस्त लावली. आज स्विचवर चालणाऱ्या इथरनेटमध्ये टक्करी उरलेल्या नाहीत, म्हणून हा विषय इतिहासजमा झाला असे काहींना वाटते. पण वाय-फायचे प्रत्येक उपकरण अशाच यादृच्छिक विलंबावर जगते. नेटवर्कवर पत्ता मागणारा डीएचसीपी प्रोटोकॉल १९९७ पासून सांगतो की पहिला पुनर्प्रयत्न ४ सेकंदांनी करावा, पण त्यात उणे १ ते अधिक १ सेकंदाची यादृच्छिक भर घालावी. पुढे ८, १६ असे वाढत ६४ सेकंदांपर्यंत जावे. उपकरण सुरू होतानाच १ ते १० सेकंदांचा यादृच्छिक विराम घ्यावा, अशीही शिफारस त्यात आहे. छोट्या उपकरणांसाठी २०१४ साली प्रमाणित झालेला कोअॅप प्रोटोकॉल पहिल्या पुनर्प्रेषणासाठी २ ते ३ सेकंदांमधला यादृच्छिक काळ ठरवतो आणि पुढे तो दुप्पट करत नेतो.

या सगळ्या तरतुदींमागचा हेतू एकच : गर्दीने एकाच दारावर एकाच क्षणी धडकू नये. एकट्या उपकरणाला या नियमाचा काडीचाही फायदा नाही. ते बरोबर अडीच सेकंद थांबले काय आणि २.७३ सेकंद थांबले काय, त्याचे स्वतःचे काम तितकेच होते. नियम गर्दीसाठी लिहिलेला आहे आणि त्याची चाचणी मात्र एकट्यावर घेतली जाते.

भारतात ही गर्दी कल्पनेतली नाही. सुधारित वितरण क्षेत्र योजनेखाली देशात सुमारे २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. वीज गेली की शेवटच्या श्वासाची आणि परत आली की पहिल्या श्वासाची सूचना पाठवणे, हे अशा मीटरांकडून अपेक्षित असलेले काम. एखाद्या उपकेंद्राचा पुरवठा तासाभराने पूर्ववत होतो, तेव्हा त्याखालचे हजारो मीटर एकाच क्षणी जागे होतात. त्यांच्याबरोबर घरोघरचे राउटर, दुकानांतली देयक-यंत्रे, सोसायट्यांमधले कॅमेरे हेही जागे होतात. प्रत्येकाला पत्ता हवा असतो, वेळ हवी असते, सर्व्हरशी जोडणी हवी असते. ज्या देशात वीज जाणे-येणे ही अजून बातमी ठरत नाही, त्या देशात एकाच क्षणी होणारा हा जन्म रोजचा प्रसंग आहे.

यातला धोका वीज अभियंत्यांना चांगला ठाऊक आहे. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड कोसळले आणि ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार पसरला. अशा वेळी सगळा भार एका फटक्यात जोडला जात नाही. तो टप्प्याटप्प्याने जोडतात. बंद पडलेले सगळे पंखे, पंप आणि फ्रीज एकदम सुरू झाले तर नुकताच उभा राहिलेला पुरवठा पुन्हा बसेल, हे त्यांना माहीत असते. त्यांच्याकडे टप्पे ठरवायला नियंत्रण कक्ष आहे. नेटवर्कवरच्या उपकरणांना असा कक्ष नसतो. प्रत्येकाने स्वतः टाकलेला फासा हाच त्यांचा नियंत्रण कक्ष. सगळ्यांच्या हातात एकसारखे दान पडणारा फासा दिला तर टप्पे उरत नाहीत, उरतो तो एकच फटका.

मग चाचणी कशाची घेतली जाते? बहुतेक ठिकाणी पल्ल्याची. कोअॅपचा विलंब २ आणि ३ सेकंदांच्या मध्ये आला की हिरवा दिवा लागतो. जो कार्यक्रम दर वेळी नेमके २.५ सेकंद थांबतो, तोही या चाचणीत शंभर टक्के गुण मिळवतो. म्हणजे मानकातला ‘यादृच्छिक’ हा शब्द पूर्ण पुसून टाकला तरी ज्या चाचणीला पत्ता लागत नाही, तिला त्या तरतुदीची चाचणी म्हटले जाते. दुसरी पद्धत याहून सोयीची : चाचणीपुरता यादृच्छिक संख्यांचा स्रोत बंद करून त्या जागी एक ठरलेला आकडा बसवायचा. सूत्र बरोबर आहे की नाही हे त्यातून कळते, आणि तेवढ्यापुरती ती पद्धत योग्यही आहे. पण जो भाग मोडण्याची सर्वाधिक शक्यता, तोच भाग तिथे चाचणीआधी काढून ठेवलेला असतो.

आणि तो भाग अगदी निमूटपणे मोडतो. सी भाषेचे मानकच सांगते की सीड दिला नाही तर यादृच्छिक संख्यांची मालिका सीड १ दिल्यासारखी सुरू होते. गो भाषेच्या नेहमीच्या यादृच्छिक ग्रंथालयाचेही २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.२० आवृत्तीपर्यंत असेच होते : सीड देण्यास विसरलेला प्रत्येक कार्यक्रम, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात, तीच मालिका त्याच क्रमाने उच्चारत असे. बरे, सीड दिला तरी तो कशातून दिला? घड्याळातून सीड घेण्याची चाल सर्रास आहे. पण ज्या स्वस्त उपकरणात घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते, ते अनेकदा वीज येताच १ जानेवारी १९७० या दिवशी जागे होते. पेठेतले हजार मीटर त्याच दिवशी, त्याच सेकंदाला जागे झाले तर हजारांचा सीड एकच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ही भीती हवेतली नाही. २०१२ साली नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या उपकरणांच्या गुप्त किल्ल्यांचा जगभर शोध घेतला. राउटरसारखी अनेक उपकरणे नुकतीच सुरू झालेली असताना, पुरेशी यादृच्छिकता गोळा होण्याआधीच किल्ल्या बनवतात, आणि त्यामुळे वेगवेगळ्या मालकांच्या उपकरणांत सारख्या किंवा एकमेकींशी गुंतलेल्या किल्ल्या सापडतात, हे त्यांनी दाखवले. तपासलेल्या टीएलएस यजमानांपैकी ०.५० टक्के यजमानांच्या आरएसए खाजगी किल्ल्या त्यांना शोधून काढता आल्या. जिथे गुपिताचा प्रश्न होता, जिथे तज्ज्ञांची नजर होती, तिथे ही अवस्था. पुनर्प्रेषणाच्या विलंबाला तर कोणी गुपितही मानत नाही. त्याच्याकडे कोण पाहणार?

सीड उत्तम असला तरी वाटेत गळती होतेच. डीएचसीपीच्या सहाव्या आवृत्तीत विलंबावर उणे-अधिक १० टक्क्यांची यादृच्छिक भर घालायची असते. एखाद्या उपकरणाने वेळ पूर्ण सेकंदांत मोजली तर १ सेकंदाचा दहावा भाग पूर्णांकात शून्य होतो. २, ४ आणि ८ सेकंदांचाही तसाच. परिणामी १, २, ४, ८, १६ हे पहिले पाच विलंब कसलीही भर नसलेले, घड्याळासारखे नेमके येतात. पल्ला तपासणारी चाचणी यावर खूश असते, कारण १.० हा आकडा ०.९ आणि १.१ यांच्या मध्येच तर आहे! दुसरीकडे, टायमर दर १०० मिलिसेकंदांनीच टिकटिकत असेल तर २ ते ३ सेकंदांच्या पल्ल्यात जेमतेम दहा-अकरा मुक्काम उरतात. दहा हजार उपकरणे असतील तर प्रत्येक टिकेला सुमारे हजार उपकरणे एकदम उठतात. सूत्र बरोबर, सीड बरोबर, आणि तरीही गर्दी तशीच.

या युक्तिवादाला ठरलेली उत्तरे मिळतात. त्यांतले पहिले असे : यादृच्छिक वर्तनाची चाचणी कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होते, अशा लहरी चाचणीवर विसंबता येत नाही. हे उत्तर संभाव्यताशास्त्राकडे पाठ फिरवून दिलेले आहे. खऱ्या घड्याळाऐवजी आभासी घड्याळ वापरले तर हजार विलंब काढायला सेकंदही लागत नाही. त्या हजारांपैकी एक तरी पल्ल्याच्या तळच्या २ टक्के पट्ट्यात आणि एक तरी वरच्या २ टक्के पट्ट्यात पडला पाहिजे, अशी अट घालावी. विलंब खरोखर समान वाटपाचे असतील तर एका पट्ट्यात एकही न पडण्याची संभाव्यता म्हणजे ०.९८ चा हजारावा घात, अर्थात सुमारे ६० कोटींत एक. दोन्ही पट्टे धरून ३० कोटींत एक. ही चाचणी रोज शंभर वेळा चालवली तर खोटी हाकाटी साधारण आठ हजार वर्षांतून एकदा होईल. कारण नसताना एरवी त्याहून अधिक वेळा वीज जाते. नेहमी अडीच सेकंद थांबणारा कार्यक्रम मात्र या चाचणीत पहिल्याच फेरीत पकडला जातो.

लहरीपणा येतो तो चाचणी चुकीची लिहिल्यामुळे. उदाहरणार्थ, शंभर उपकरणे थंड अवस्थेतून सुरू केली आणि सगळ्यांचे पहिले विलंब वेगवेगळेच हवेत अशी अट घातली, तर ती जवळजवळ प्रत्येक वेळी मोडेल. एका सेकंदाच्या पल्ल्यात हजार मिलिसेकंद आहेत. शंभर जणांनी त्यांतून स्वतंत्रपणे निवड केली तर सगळे वेगळे येण्याची संभाव्यता एका टक्क्याहूनही कमी. तेवीस जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तोच हा न्याय. योग्य अट अशी : शंभरांत निदान ऐंशी वेगळे विलंब असावेत. अपेक्षित सरासरी ९५ च्या आसपास आहे, त्यामुळे निर्दोष यंत्र या अटीत अडकणे व्यवहारात अशक्य, आणि एकाच सीडची यंत्रे सुटणेही अशक्य.

दुसरे उत्तर : सीड स्थिर ठेवला नाही तर सापडलेली चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही. तक्रार खरी आहे, उपाय सोपा आहे. चाचणी फसली की त्या फेरीचा सीड नोंदवहीत छापावा. तो परत दिला की चूक जशीच्या तशी समोर येते. पुनरावृत्तीसाठी यादृच्छिकतेचा बळी देण्याची गरज नाही.

तिसरे उत्तर सर्वांत आवडते : आमची उपकरणे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आहेत. चालतीलच. हा दोष शांत दिवशी दिसत नाही. २००३ साली एका कंपनीच्या घरगुती राउटरांमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर न मिळाल्यास दर सेकंदाला पुन्हा विचारण्याची त्यांना सूचना होती. प्रत्येक राउटर आपापल्या घरात गुणी बाळासारखा वागत होता. विद्यापीठाच्या दारावर मात्र सेकंदाला लाखो पॅकेटांचा पूर लोटला. तिथला दोष विलंब न वाढवण्याचा होता, यादृच्छिकतेचा नव्हे. पण धडा तोच आहे. एका घरात बसून पूर दिसत नाही. आणि पूर आल्यावर चाचणी लिहायला घेणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

चौथे उत्तर अभ्यासू आहे : टीसीपीच्या पुनर्प्रेषणात यादृच्छिक भर नाही, तरीही जग त्यावर चालते. बरोबर. टीसीपी आपला विलंब प्रत्येक जोडणीच्या मोजलेल्या फेरीकाळावरून काढते, आणि ते काळ मुळात वेगवेगळे असतात. विविधता तिला बाहेरून मिळते. पण जिथे तिचा किमान विलंब सगळीकडे सारखा असतो, तिथे ती उघडी पडते. २००३ मध्येच राइस विद्यापीठाच्या कुझ्मानोविच आणि नाइटली यांनी दाखवले की नेमक्या त्या किमान विलंबाच्या तालावर थोडथोडक्या पॅकेटांचे झटके दिले, तरी टीसीपीचा प्रवाह जवळजवळ ठप्प करता येतो. ठरलेला ताल शत्रूलाही ऐकू येतो. टीसीपीचे उदाहरण यादृच्छिकतेच्या विरोधात दिले जाते, पण ते साक्ष देते तिच्याच बाजूने.

तेव्हा पुनर्प्रेषणाची प्रामाणिक चाचणी चार पायऱ्यांची असते. पहिली सूत्राची : स्रोताच्या जागी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बसवून पल्ल्याची दोन्ही टोके तपासावीत, दुप्पट होण्याचा क्रम आणि कमाल मर्यादा तपासावी. दुसरी वाटपाची : खरा स्रोत वापरून, टायमरमधून बाहेर पडणारे, म्हणजे पूर्णांक आणि टिकटिक यांतून गाळून आलेले हजार विलंब मोजावेत. तिसरी जन्माची : एकाच क्षणी, एकाच घड्याळाने, मागची कोणतीही आठवण नसताना शंभर प्रती सुरू कराव्यात आणि त्यांच्या मालिका वेगळ्या आहेत का ते पाहावे. ही मागणी कोणाच्या मनातली नाही. डीएचसीपीच्या सहाव्या आवृत्तीचे २००३ चे मानक, आरएफसी ३३१५, स्पष्ट शिफारस करते की प्रत्येक वेळी कार्यक्रम सुरू झाला की यादृच्छिक संख्यांची वेगळी मालिका यावी. त्या एका वाक्याची चाचणी एका यंत्रावर, एका फेरीत घेताच येत नाही. चौथी पायरी गर्दीची : आभासी घड्याळावर हजार उपकरणे उभी करावीत, सर्व्हर मिनिटभर मुका ठेवावा आणि दर १० मिलिसेकंदांच्या खिडकीत जास्तीत जास्त किती विनंत्या आल्या ते मोजावे.

यातले काहीही महागडे नाही. चारही पायऱ्या विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपवर होतात. म्हणूनच महाविद्यालयांची सबब टिकत नाही. संगणक नेटवर्कच्या प्रयोगवहीत सूत्र उतरवून घेतले जाते, आलेख काढला जातो, सही होते. सीड काढून घेतल्यावर तोच आलेख कसा कोसळतो, हा प्रयोग वहीत असेल तर ०.६२५ या उत्तराचा अर्थ विद्यार्थ्याला आयुष्यभर कळेल. आणि सार्वजनिक पैशाने कोट्यवधी उपकरणे खरेदी करणाऱ्यांनी निविदेत एकच वाक्य वाढवावे : हजार उपकरणांना एकाच क्षणी वीज देऊन त्यांच्या पहिल्या मिनिटातल्या विनंत्यांचा आलेख सादर करावा. ज्याचे उपकरण निर्दोष आहे, त्याला या वाक्याची भीती वाटणार नाही.

एखाद्या संध्याकाळी वीज येईल, हजार मीटर एकाच क्षणी डोळे उघडतील आणि प्रत्येक जण आपला फासा टाकेल. ते हजार फासे वेगळे आहेत, हे त्या संध्याकाळच्या आधी कोणीतरी हजार फासे एकत्र टाकून पाहिलेले असले पाहिजे. एकच फासा हजार वेळा उलटसुलट करून पाहणे ही त्याची परीक्षा नव्हे.